कापलेल्या कानाचा अर्थ

वाडीत आमच्या खोलीमागे ट्रान्सपोर्टची गोदामं आहेत. तिथल्या फाटकाशी बसणाऱ्या तांबड्या कुत्रीला नसबंदी करून परत आणलं, तेव्हा तिच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं. नसबंदी झाली, रेबीजची लस दिली, याची ती खूण. गोदामाच्या चौकीदारकाकांनी मात्र वेगळाच अर्थ लावला.

"पागल कुत्र्याले अशी निशाणी करतेत," ते मला म्हणाले. "आता खाली ट्रक चालला अमरावतीले. देतो बसवून."

इकडे नको असलेलं कुत्रं असंच घालवतात. रिकाम्या ट्रकमध्ये टाकायचं, ड्रायव्हर वाटेत कुठेतरी उतरवून देतो.

बोलण्यापेक्षा दाखवणं मला सोपं वाटतं, म्हणून मी मोबाईल पुढे केला. प्राण्यांची बाजू मांडणाऱ्यांसाठी एका संस्थेने काढलेली पुस्तिका. त्यात अशा कानाचं चित्र होतं, जिथून उचललं तिथेच सोडायचं हा नियमही होता. सगळं इंग्रजीत.

"मले काय साहेब समजली का वं?" काका म्हणाले आणि पोतं आणायला गेले.

मी संस्थेच्या ग्रुपवर विचारलं, हे मराठीत आहे का? लगेच उत्तर आलं, इंग्रजीतून जास्त लोकांपर्यंत पोहोचतं. कोणत्या लोकांपर्यंत? कुत्री ट्रकमध्ये कोण चढवतं असं यांना वाटतं? शोधल्यावर एक मराठी पान सापडलं. त्यात 'श्वान निर्बीजीकरणोत्तर पुनर्स्थापना' असं लिहिलं होतं. हे मी कुणाला वाचून दाखवू?

तोवर काका पोतं घेऊन तिच्याजवळ पोहोचले होते. मी मोबाईल खिशात टाकला.

"काका, हिचं ऑपरेशन झालंय. आता पिल्लं होणार नाहीत. रेबीजचं इंजेक्शनही दिलंय. ते लांबून ओळखू यावं म्हणून कान कापतात."

"एवढंच?" त्यांनी पोतं खाली ठेवलं. "मंग हे इथं भिंतीवर काहून नाही लावत कोणी?"

ड्रायव्हर केबिनमधून वाकला. "काय गा चौकीदार, मागच्या खेपेले दोघी कोंढाळीच्या पुढं उतरवल्या, त्यायचे कान बी असेच होते नं?"

काकांनी रिकाम्या पोत्याची घडी घातली. त्या दोघींनाही आधी कुणीतरी पकडलं, लस दिली, खूण केली, जागेवर आणून सोडलं होतं. त्या खुणेचा अर्थ फाटकावरच्या एका माणसाला सांगणं, तेवढं कुणाचंच काम नव्हतं.