कोरड्या टाकीतली फळी

काचेची टाकी कोरडी होती. तळाला थोडा ओलावा, मधोमध लाकडी फळी, आणि वर गरगर फिरणारा पंखा. बाहेर लातूरचं एप्रिलचं ऊन.

आधी मी पंखा बंद केला. मग हाक मारली, "मावशी! टाकीतलं पाणी कुठं गेलं?"

शेवंतामावशी आमच्या प्रदर्शनाच्या हॉलची झाडलोट बघतात. पदराला हात पुसत आल्या. "लिंबाला वतलं की, ताई. आज नळाची पाळी हाय न्हवं? लई पिवळं पडलं होतं, शिळं पाणी कशाला ठिवायचं?"

लातूरचा कुठलाही माणूस याला चूक म्हणणार नाही. इथं नळाला रोज पाणी येत नाही. पाळी असली की घरोघरी सकाळीच हंडे, टिपाडं रिकामी होतात, शिल्लक पाणी झाडांना जातं आणि भांडी घासून नळाखाली लागतात. मावशींनी टाकीही घासली असती, पण फळी आड आली.

नळाला मात्र नुसती हवा आली. कुठंतरी पाइपलाइन फुटली होती.

मी संवर्धक आहे. म्हणजे जुन्या वस्तू आहेत तशा टिकवणं हे माझं काम. नायगाव तालुक्यातल्या आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. गावाकडं विचारतात, "एवढं शिकून लाकडं सांभाळून राहिलीस व्हय?" हाव, सांभाळते. आणि चांगली सांभाळते.

प्रदर्शन होतं किनाऱ्यावरची मासेमारी आणि बुडालेली जहाजं यांवर. लातूर-नांदेडच्या ज्या पोरांनी समुद्र पाहिला नाही त्यांच्यासाठी. ही फळी त्यातली एकमेव खरी वस्तू. तिच्या कडेला ओळीनं भोकं आहेत आणि काही भोकांत अजून काथ्या अडकलेला आहे. पूर्वी आपल्याकडं पुष्कळ होड्यांच्या फळ्या खिळे न मारता काथ्याच्या दोरीनं शिवत. तशीच एक होडी कोकणात बुडाली. त्या जागी जाळी अडकतात म्हणून मच्छीमार जपून असतात. पण बुडालेल्या होडीच्या आडोशाला मासळी राहते, म्हणून जातातही. अशाच एका खेपेला तांडेलकाकांच्या जाळ्यात ही फळी वर आली. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. काकांच्या आजोबांचा भाऊ त्याच जागी बुडाला होता. काकांच्या गावातल्या बाया या फळीला फुलं वाहायच्या. "तुमच्या शब्दावर देतो, बाय," असं म्हणून काकांनी ती माझ्या ताब्यात दिली होती. आणि आज ते उद्घाटनाला येत होते.

इतकी वर्षं समुद्रात राहिलेल्या लाकडाचं आतलं बळ गेलेलं असतं. पाण्यानंच त्याला आतून धरलेलं असतं. ते पाणी उडालं की लाकूड आक्रसतं, पिळतं, तडकतं. एकदा तडकलं की परत भिजवून उपयोग नाही.

गोंधळ ऐकून आमचे डायरेक्टर सर आले. "बोअर चालू करा आणि भरा टाकी."

"बोअरचं पाणी खारं आहे, सर."

"अहो मॅडम, समुद्रातून आलीय ती! तिला खाऱ्याचं काय वाटणार?"

लाकडात मुरलेलं मीठ काढण्यासाठीच तर आम्ही ती गोड्या पाण्यात ठेवली होती. मीठ आत राहून वाळलं तर त्याचे खडे होतात आणि लाकूड फुटतं. पण त्या घडीला सरांचं बरोबर होतं. आधी ओल, मग गोडं-खारं. बोअर चालू केलं. दोनेक बादल्या दिल्या आणि ते खोकायला लागलं.

मावशी घरून धुतलेलं सुती लुगडं घेऊन आल्या. ते बोअरच्या पाण्यात भिजवून मी फळीला गुंडाळलं, वरून प्लास्टिक लपेटलं. टँकरवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "आज सगळ्या गावाला मीच पायजे, ताई. संध्याकाळी बघू." तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. उद्घाटनासाठी मागवलेले पाण्याचे जार. मशीनमधून गाळलेलं पाणी, क्षार जवळजवळ नाहीत.

"सगळे टाकीत ओता," मी म्हणाले.

"अन् पाहुणे काय पितील?" सरांनी विचारलं.

"चहा."

सरांनी बाह्या दुमडल्या आणि पहिला जार स्वतः उचलला.

लुगडं-प्लास्टिक सोडलं आणि फळी पाण्याखाली गेली. बॅटरी लावून मी तिची प्रत्येक कड, प्रत्येक भोक पाहिलं. एका टोकाला चीर दिसली. आणली तेव्हाचे फोटो मोबाइलवर काढले. चीर तेव्हाही होती, तेवढीच. काथ्याही जागेवर. मी तिथंच फरशीवर बसले. मावशी शेजारी टेकल्या.

दुपारी काका आले. त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी टाकीत हात घालून फळीवर फिरवला.

"एवढी वर्षं पाण्यात होती," ते म्हणाले. "घटकाभर तुमचा मुलूख बघायला वर आली. काय झालं त्यात?" मग गमछ्यानं मान पुसली. "बाय, घोटभर पाणी मिळेल काय?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी चहाची किटली पुढं केली.

संवर्धनाच्या पुस्तकांत कसर, बुरशी, ऊन, आग असे सगळे धोके दिलेले आहेत. नळाची पाळी त्यांत नाही. आता नवी वस्तू आली की मी ती आधी झाडलोट करणाऱ्यांना समजावते. डायरेक्टरांचा नंबर त्यानंतर.