चुन्याचा ठिपका

ताटलीएवढी काळी तबकडी, मधोमध चिकटवलेला लाल कागद, आणि एका बाजूच्या त्या कागदावर चुन्याचा पांढरा ठिपका... सौंसरचं बालपण आठवायला बसले की आधी तो ठिपकाच समोर येतो. संत्र्याच्या फुलांचा वास, ओल्या हळदीचा वास, सारं त्याच्या मागून.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तबकडीत गाणं एकच, पण लांबलचक. एका बाजूला मावेना म्हणून दोन भागांत कापलेलं. पहिल्या भागात मुख्य गायक होता, आणि दुसऱ्या भागात एक अख्खं कडवं एकट्या बाबूजींचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. नागपूरला जाऊन ते गाऊन आले आणि लगेच आम्हाला घेऊन पांढुर्ण्याला जिनिंगमध्ये कामाला गेले. कापसाच्या धुळीत दोन हंगाम निघाले. इकडे तबकडीचं काय झालं, ते आम्हाला कळलं नाही.

परतल्यावरची लग्नं मात्र मला आठवतात. गाणी वाजवायला भोंगा गावातल्या शेषरावकाकांचा असे. त्यांना वाचता येत नसे, म्हणून जी बाजू वाजवायची नाही तिच्यावर ते तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचा ठिपका देऊन ठेवत. बोरगावच्या एका लग्नात, भर दुपारी, पहिला भाग संपला तेव्हा बाबूजी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले,

"शेषराव, दुसरी बाजू लाव ना गा."

"ते नाही वाजवत मी. ठिपका हाय तिच्यावर," काका पुढची तबकडी पुसत म्हणाले.

बाबूजींनी काहून म्हणून विचारलं नाही. आपलं कडवं लोकांना आवडलं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं आणि त्यानंतर ते कधी गायलेच नाहीत... आई विचारायची, तर जिनिंगच्या धुळीनं घसा गेला म्हणायचे. साफ खोटं. त्या मुकाट बसण्याचा मला राग यायचा, अजूनही येतो.

बाबूजी गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात, शेषरावकाका भोंगे भंगारात देऊन राहिले असं ऐकलं, म्हणून मी ती तबकडी मागायला गेले. त्यांनी ती उजेडात तिरपी धरली. ठिपक्याच्या बाजूच्या रेघा घासून पांढुरक्या झाल्या होत्या.

"तुमी पांढुर्ण्याले होते ना, तवा सारे हेच बाजू मागत, पोरी. तुह्या बापाचं कडवं. एका एका लग्नात दहा-दहादा. घासून घासून सुई अडकाले लागली, मंग ठिपका देला."

"मग बाबूजींना सांगितलं का नाही?"

"त्यानं इचारलंच नाही. मले वाटलं, त्याले मालूम असन."

त्यांनी ती बाजू लावली. खरखरीतून बाबूजींचा आवाज आला – तरुण, मोकळा, मी घरात कधीच न ऐकलेला. दुसऱ्याच ओळीत सुई अडकली आणि तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा वाजू लागले. काकांनी सवयीनं सुई उचलायला हात पुढे केला.

"राहू द्या, काका," मी म्हणाले.

तबकडी आता माझ्या कपाटात आहे. घरी आणली त्याच दिवशी तो ठिपका ओल्या बोटानं पुसून पाहिला... लगेच निघाला.