गळालेल्यांची हजेरी

तिला सगळे हजेरीताई म्हणत. केंद्रातल्या शिपायानं थट्टेत ठेवलेलं नाव, पण ते इतकं चिकटलं की कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर ती क्षणभर मागे वळून बघायची, कुणाला बोलावतायत म्हणून.

त्याआधी बरीच वर्षं ती एका लाँड्रीत होती. इस्त्री केलेले कपडे हातावर आडवे घेऊन घरोघर पोचवायचे. त्या कामानं तिच्या पायाला भिंगरी लागली आणि शहरातले जिने पाठ झाले. लाँड्री बंद पडली तेव्हा चाळिशी उलटली होती. या वयात आता कोण काम देणार, असं म्हणत ती घरी बसली, तोच दारोदार फिरायला माणूस हवं म्हणून केंद्रातून बोलावणं आलं.

दारू सुटावी आणि खचलेलं मन सावरावं म्हणून जे उपचार देतात, त्यांतला कोणता खरोखर लागू पडतो, याचा अभ्यास त्या केंद्रात चाले. आलेल्या माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करत. एका गटाला नेहमीची औषधं. दुसऱ्याला तीच औषधं आणि शिवाय दर आठवड्याला समुपदेशकापाशी बसून बोलणं. मग वर्ष उलटलं की प्रत्येकाला विचारायचं, आता कसं आहे, पिणं किती, झोप लागते का, सकाळी उठावंसं वाटतं का. पण मधल्या काळात कितीतरी माणसं गळून जात. फोन बंद, दाराला कुलूप. अशांना शोधून काढायचं काम तिचं.

सुरुवातीला तिला हे काही पटलं नव्हतं. येतात त्यांना विचारून मोकळं व्हावं, न येणाऱ्यांच्या मागे कशाला लागायचं, असं ती सरळ डॉक्टरबाईंना म्हणाली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "येतात ते बहुतेक बरे झालेले असतात. नुसतं त्यांचंच ऐकलं तर आपला उपचार फार गुणकारी दिसेल. ज्यांना गुण आला नाही ते घरात तोंड लपवून बसलेत. त्यांना विचारल्याशिवाय आपल्याला काही कळलंय असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?"

हे वाक्य तिच्या मनात घर करून राहिलं.

तेव्हापासून ती दुपारची निघायची. दुपारी शहर अर्धवट झोपेत असतं. दुकानांची दारं निम्मी ओढलेली, गल्लीत मांजर सोडून कुणी नाही. तिची सावली तिच्या पुढे किंवा मागे नसायची, पायाखालीच गोळा झालेली असायची, आणि आपण चालतोय की कुणाच्या तरी स्वप्नातून जातोय असं तिला वाटायचं. शेजारीपाजारी विचारत, कोण तुम्ही? ती म्हणे, जुनी ओळख आहे. खरं कारण ती दाराबाहेर कधीच सांगत नसे. आतल्या खोल्या मात्र तिच्या लक्षात राहत. एका खोलीत निळा पडदा सदाचा ओढलेला होता आणि त्या निळ्या उजेडात एक बाई केस न विंचरता बसलेली. दुसरीकडे रेडिओ बारीक आवाजात चालू, ऐकणारा भिंतीकडे तोंड करून पडलेला.

एकदा तिला तरणतलावावरच्या राखणदाराला शोधायचं होतं. पाणी गाळणं, फरशा घासणं, हे त्याचं काम. तो बोलण्याच्या गटात होता. पाच-सहा वेळा नेमानं आला, मग एकदम दिसेनासा झाला. फोनवर त्याची बायको म्हणाली, ते गाव सोडून गेले. ताईनं घरी जाऊन पाहिलं तर दोरीवर गड्याचे ओले कपडे वाळत होते, आणि कपड्यांना तलावाच्या पाण्याचा तो तिखट वास. कपड्यांचा वास ओळखण्यात तिचा जन्म गेला होता. तिनं एका ओल्या सदऱ्याची बाही नाकाजवळ नेली. बायकोच हळूच म्हणाली, "दुपारी तलाव बंद असतो, ताई. तेव्हा ते एकटेच असतात."

तलाव छताखाली, चार भिंतींच्या आत होता. आत पाऊल टाकलं आणि बाहेरचं सगळं जग पुसून गेलं. उंच काचांमधून ऊन पाण्यावर उतरलं होतं आणि पाण्यावरून उलटं छतावर चढलं होतं. छतभर उजेडाच्या जाळ्या हलत होत्या. पाण्याचा आवाज नव्हता, पण सगळीकडे पाणी ऐकू येत होतं. पलीकडच्या काठावर एक माणूस लांब दांड्याची जाळी घेऊन उभा होता. तिला पाहून तो खांबाआड झाला.

ताईनं चपला काढल्या, काठावर बसली आणि पाय पाण्यात सोडले. तिनं हाक मारली नाही. मग पाण्यावरून आवाज आला, "केंद्रातून आलात ना?"

"हो."

"माझं नाव काढून टाका. मी पुन्हा प्यायला लागलोय."

हळूहळू बाकीचं बाहेर आलं. त्याची समुपदेशक कोवळी पोर होती, त्याच्या धाकट्या बहिणीएवढी. फार जीव लावून ऐकायची. तिनं इतकं केलं आणि आपण पुन्हा बाटलीला हात लावला, आता तिला काय तोंड दाखवायचं? शिवाय आपल्यामुळे तिच्या कामाला बट्टा लागेल. त्यापेक्षा आपण गावात नाहीच, असं बायकोला सांगायला लावलं. सकाळी डोळे उघडले की छातीवर कुणीतरी ओली गादी टाकल्यासारखं होतं, म्हणाला. घोटभर घेतल्याशिवाय ती गादी सरकत नाही.

ताई छताकडे बघत होती. तिच्या तोंडून निघालं ते तिनं आधी ठरवलेलं नव्हतं.

"माझा मोठा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यालाही उपचार दिले होते, फार पूर्वी. नाही लागू पडले. त्याला तिथे सांगितलं, तुझ्यात धमक नाही. त्यानं ते खरं धरलं. नंतर कुणी विचारायला आलं नाही, की बाबा, तुझं काय झालं?" तिनं पलीकडच्या खांबाकडे पाहिलं. "तुम्हाला औषध लागू पडलं नाही, एवढंच झालंय. तेवढंच मला सांगा. ते कळलं नाही तर पुढच्यालाही तेच देत बसतील."

पलीकडे जाळीचा दांडा खाली ठेवल्याचा आवाज झाला. तो काठाकाठानं चालत आला, तिच्यापासून हातभर अंतरावर बसला, आणि विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. खोटं एकही नाही. छतावरचा उजेड त्याच्या तोंडावरून वाहत होता, त्यामुळे तो रडत होता की नाही हे तिला कळलं नाही आणि तिनं बघितलंही नाही.

परतताना मात्र, आपण परक्या माणसाला जे सांगितलं ते दादाला कधीच सांगितलेलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं. दादा तिच्याच घरात, मागच्या खोलीत राहत होता. पिणं कमी झालं होतं, पण बोलणंही आटलं होतं. जेवणाचं ताट आत जायचं आणि रिकामं बाहेर यायचं, एवढाच भावाबहिणीचा व्यवहार उरला होता.

संध्याकाळी ती ताट न घेता आत गेली आणि पलंगाच्या पायथ्याशी बसली. "दादा, तू नापास झाला नव्हतास," ती म्हणाली. "ते औषध तुला लागू पडलं नव्हतं."

दादा खिडकीतून समोरच्या गच्चीकडे बघत होता. मग त्यानं विचारलं, "असं असतं?"

"असतं. कितीतरी जणांचं होतं. मी रोज भेटते त्यांना."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"



अभ्यास पुरा झाला. निकाल लागला तो डॉक्टरबाईंच्या आशेपेक्षा कमीच होता. बोलण्याच्या उपचारानं बऱ्याच जणांना आधार दिला, पण सकाळी ज्यांच्या छातीवर ओझं असायचं त्यांच्यापैकी बहुतेकांचं तेवढ्यानं भागलं नाही. गळालेले सापडले नसते तर हे कळलंच नसतं, असं डॉक्टरबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. पुढचा अभ्यास त्यावरच बेतला: अशा माणसांच्या खिन्नतेला आधी हात घालायचा, दारूशी झगडा बरोबरीनं. राखणदार त्यात आला. त्याची सुटली का? काही महिने सुटली, एकदा घसरला, पुन्हा आला. पण या वेळी लपला नाही, स्वतःच फोन करून सांगितलं.

दादाही केंद्रात गेला. ताई घरची म्हणून तिला आत बसू देत नसत, आणि तेच बरं होतं. ती बाहेर बाकावर थांबायची. त्याच्यात फार मोठा पालट झाला असं कुणी म्हणणार नाही. पण तो संध्याकाळी बाहेरच्या खोलीत येऊन बसू लागला, आणि ती घरी आली की विचारू लागला, "आज कोण भेटलं?"

नाव सांगायची तिला मुभा नव्हती. म्हणून ती चपला काढता काढता खोल्यांबद्दलच सांगायची: कुठे ऊन कसं पडलं होतं, खिडकीत काय ठेवलं होतं, पंख्याचा आवाज कसा येत होता. दादा डोळे मिटून ऐकायचा आणि मध्येच विचारायचा, "आणि माणूस? माणूस बोलला का?"