मावशीच्या गोळीचं उद्यापन

आमच्या चाकूरच्या मावशीइतक्या निष्ठेनं औषध घेणारं माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात झालं नाही आणि होणारही नाही. हाडं ठिसूळ झाली म्हणून डॉक्टरांनी तिला आठवड्याला एक गोळी दिली होती. उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि वर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, की चहा घ्यायचा नाही. मावशीनं त्यासाठी महादेवाचा वार धरला. सोमवारी पहाटे आंघोळ, कपाळाला विभूती, लिंगपूजा आणि मग गोळी. हळूहळू तो अर्ध्या तासाचा नियम तिनं साऱ्या घराला लावला. एकदा मी मुक्कामी असताना डुलकी लागून कलंडलो, तर पाठीत चापट बसली. "उठ, गोळी उतरायलीय." काका बिचारे भिंतीला टेकून, डोळे मिटून ताठ बसलेले असत. चहा कुणालाच नसे.

आपली हाडं आता लोखंडाची झाली, असा तिचा पक्का समज होता. लग्नकार्यात भेटेल त्याचं मनगट दाबून ती निदान करी. "तुझी लई कच्ची हायत," असं तिनं एका नवरदेवाला भर मांडवात सुनावलं होतं. एस.टी. पुरती थांबायच्या आत ती खाली उतरे, आणि कंडक्टर ओरडला तर त्याचंही मनगट बघे. ते दिवस आठवले की अजून हसू येतं.

मग तिची उजवी मांडी ठणकू लागली. कित्येक महिने तिनं गुपचूप आंबेहळद चोळली. एका सकाळी पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात नुसती वळली आणि मांडीचं हाड मोडलं. लातूरच्या दवाखान्यात जो येई तो विचारी, "कुठं घसरलात?" मावशीला तो अपमान वाटे. "घसरले न्हाई. आधी मोडलं, मंग पडले."

डॉक्टरांना मात्र ते लगेच पटलं. गोळी किती वर्षं चालू आहे, असं त्यांनी विचारलं.

"धा वर्सं तर झालीच. एक सोमवार चुकला न्हाई."

"मध्ये दाखवायला या, असं सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं आसंल. पन व्रत हाय माझं. उद्यापनाबिगर सुटतंय व्हय?"

डॉक्टर हसले नाहीत. या गोळीनं तुमचे मणके सांभाळले, पण ती फार वर्षं चालली की क्वचित कुणाचं मांडीचं हाड असं आपसूक मोडतं, हे त्यांनी समजावलं. डाव्या मांडीच्या फोटोतही बारीक चीर होती. गोळी थांबवली तर तो पाय वाचण्याची आशा होती.

"मी काय कमी केलं?" एवढंच मावशी म्हणाली. मोडलेला पाय तिनं सोसला; इमानानं पाळलेलंच अंगावर आलं, हे तिला सोसेना. ऑपरेशन होऊन घरी आल्यावर पहिल्याच सोमवारी तिनं सुनेकडे गोळी मागितली. सून रडकुंडीला आली. तेव्हा जन्मात कधी तिच्यापुढं न बोललेले काका म्हणाले, "उद्यापन करू." जंगमस्वामी आले, जोडपी जेवली, पुरणपोळ्या झाल्या. मावशीनं हातावरून पाणी सोडलं आणि गोळ्यांची पट्टी काकांच्या हाती दिली. त्या दिवशी ती जेवली नाही.

डावा पाय वाचला. परवा गेलो तेव्हा मावशी वॉकर धरून दारापर्यंत आली. मी हात पुढं केला, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तू नुस्ता बाजूनं चल." लहानपणी तिला गाठायला मला पळावं लागे. आता मी पावलं आखडत तिच्या बाजूनं चाललो होतो, आणि ते एवढंसं अंगण संपूच नये असं वाटत होतं.