दसऱ्याचा निळा मासा

नव्वदच्या दशकात वास्तुशास्त्राची साथ वागळे इस्टेटच्या कारखान्यांपर्यंत पोचली आणि आमच्या साहेबांनी केबिनबाहेर खाऱ्या पाण्याची छोटी टाकी बसवली. माझ्या डोंबिवलीच्या घरी तशी टाकी होती, म्हणून मासे निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी घरचे दोन जोकर मासे आणून सोडले. शांत जोडी होती. तिसराही तसाच शोधत होतो.

दसऱ्याला साहेब स्वतःच पिशवीतून निळा डॅम्सल मासा घेऊन आले. कंपनीचा रंग निळा होता.

"साहेब, हा बोटाएवढा दिसतो, पण भांडखोर आहे. एवढ्याशा टाकीत दुसऱ्यांना जगू देणार नाही."

"अहो, शस्त्रपूजेला भांडखोरच हवा!"

भटजींसकट सगळे हसले. निदान पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगू द्या, मासा पाण्याला सरावेल, म्हटलं. पण मुहूर्त टळत होता. मासा थेट टाकीत गेला, टाकीला झेंडूचा हार चढला. निळा दगडाआड गप्प बसला.

"बघा, उगाच घाबरलात," म्हणत साहेबांनी मला पेढा दिला. तो हातातच राहिला.

दुपारी बघतो तर धाकट्या जोकरचं शेपूट फाटलेलं, दोघे कोपऱ्यात चिकटलेले आणि निळा त्यांच्यावर पुन्हा पुन्हा धावून जात होता. मी कुणाला न विचारता दोघांना टाकीच्याच पाण्यासह बादलीत घेतलं आणि घरी न्यायला रिक्षा केली.

शीळफाट्यापर्यंत खड्डेच खड्डे होते. तिथे झाकण उघडलं. मोठा फिरत होता. धाकटा तळाशी टेकला होता; त्याचा कल्ला हलतोय की नुसतं पाणी, हे मला कळेना.