मामांच्या फेट्यावरची शिंगं

उन्हात तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला माझा तो कॅमेरा आठवतो. दिसायला खेळणं, पण आत खरा रोल. दर फोटोनंतर चकती हातानं फिरवायची, नाहीतर दुसरा फोटो पहिल्यावरच उमटायचा. मामेबहिणीच्या लग्नाला नांदेडहून लातूरला जाताना मी लोह्याच्या बाजारात उतरलो आणि एका लालकंधारी बैलाचा फोटो काढला. शिंगं एवढी, की एकावर अख्ख्या गल्लीचं धुणं वाळावं आणि दुसऱ्यावर गल्ली! लग्नघरी पोचेस्तोवर मी जगप्रसिद्ध छायाचित्रकार झालो होतो. लग्नभर मात्र एकही फोटो काढला नाही; रोल खास क्षणासाठी राखून ठेवला होता. पाठवणीच्या वेळी, फोटो म्हटलं की पळून जाणारे मामा स्वतःहून म्हणाले, "लेकीसंगं एक काढ रे." कुणीतरी मोबाईल वर केला, तर मी त्याच्यावरच खेकसलो, "ठेव तो खिशात! हा फोटो हिची नातवंडं बघतील." मामांनी फेटा सारखा केला, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, मी बटण दाबलं आणि तिची गाडी निघाली. रोल धुवून आला तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर बैलाचं थोबाड होतं आणि फेट्यातून शिंगं निघाली होती. फोटो मी पालथा करूनच त्यांच्या हातात दिला. मामांनी चष्मा लावून तो बराच वेळ बघितला. मी शिव्यांची वाट बघत होतो. "बैल देखणा हाय," ते म्हणाले, "अन् माझा हात बघ, बरोबर तिच्या डोक्यावर आलाय." त्यांनी तो फ्रेम करून बैठकीत लावला. अजूनही त्या घरी गेलो की मी त्या भिंतीकडं पाठ करून बसतो.