पेशाचा रकाना

दुसऱ्यांदा पोलीस भरतीतून परत आलो, तेव्हा अण्णा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. अण्णा म्हणजे माझे वडील. ते रागावले नव्हते, त्यांना काय बोलावं तेच सुचत नव्हतं. पहिल्या वेळी माझी छाती अर्धा इंच कमी भरली होती, दुसऱ्या वेळी लेखी परीक्षेत राहिलो. आमचं गाव जालन्याहून अंबडकडे जाताना, सडकेपासून थोडं आत आहे. अण्णांनी जन्मभर हाताला येईल ते काम केलं. सालगडी राहिले, विहिरी खोदल्या, खडी फोडली आणि उतारवयात गवंड्याच्या हाताखाली लागले. माझी बारावीची मार्कशीट त्यांनी काचेत बसवून भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावली होती.

माझं अक्षर चांगलं होतं. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच उभं करायचे. तेवढ्या भांडवलावर मी जुन्या जालन्यातल्या एका पेंटरच्या दुकानात गेलो. दुकानांचे बोर्ड, शटर, बियाण्यांच्या आणि सिमेंटच्या भिंतीवरच्या जाहिराती, असं त्यांचं काम. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, मीही तेच म्हणू लागलो. तेव्हा ते पन्नाशीचे असतील. उंच, किरकोळ, कानामागे कायम एक बारीक ब्रश.

"हात समोर धर," ते म्हणाले. मी धरला. त्यांनी माझ्या पालथ्या हातावर एक कोरा कागद ठेवला आणि बघत राहिले. कागद हलला नाही.

"बराबर. पण बेटा, पहिले तीन महिने फक्त शिरोरेषा ओढायची. अक्षर नंतर."

घरी सांगितलं, तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "ब्रश धरायला बारावी कशाला पाह्यजे व्हती?" आणि उठून बाहेर गेले. पुढं कितीतरी वर्षं आमच्यात माझ्या कामाचा विषय निघाला नाही.

त्या काळात शहरातल्या निम्म्या बोर्डांवर मराठीच्या खाली उर्दूत नाव असायचं. उस्ताद मला खडूनं अक्षरं आखून द्यायचे, मी त्यावर रंग भरायचो. मला ते चित्रासारखं होतं. एकदा मी एक नुक्ता, म्हणजे टिंब, द्यायचा विसरलो. एका टिंबानं दुकानदाराचं नाव बदललं आणि सगळ्या गल्लीत त्याचं हसं झालं. उस्ताद मला ओरडले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "चूक माझी हाय. दुसऱ्याचं नाव लिहायचं आन् आपल्याला ते वाचता येत न्हाई, ही बेअदबी झाली."

दुसऱ्या दिवसापासून दुपारची नमाज झाली की अर्धा तास ते मला अलिफ, बे शिकवू लागले. वर्षभरात मी छापील उर्दू अडखळत वाचू लागलो. मग त्यांनी घरून एक पत्र्याची पेटी आणली. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात अंबडच्या कचेरीत मुन्शी होते, त्यांची पत्रं त्या पेटीत होती. ते अक्षर मला मुळीच लागेना. शब्द एकमेकांत अडकलेले, टिंबं गायब.

"याला शिकस्ता म्हणतात," उस्ताद म्हणाले. "शिकस्ता म्हणजे तुटलेलं. कचेरीतले मुन्शी जल्दी लिहायचे, मंग असं व्हायचं. माझ्या बापानं मला हे शिकवलं. आता कोणाला लागतंय?"

ते बोलले ते खरंच होतं, तरी थोडं शिकस्ता त्यांनी मला शिकवलं. पुढं तर हातानं रंगवलेलं सरळ अक्षरही कोणाला लागेना. फ्लेक्स आला. एका कापड दुकानाचा बोर्ड उस्ताद दर दोन वर्षांनी रंगवायचे. त्या मालकानं एक दिवस आम्हाला मुद्दाम बोलावून दुकानावरचा नवा, चमकणारा फ्लेक्स दाखवला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला खरंच कौतुक वाटत होतं. उस्तादांनी मान वर करून पूर्ण वाचला. "छान हाय," म्हणाले. आमच्या दुकानात परत येऊन त्यांनी सगळे ब्रश रॉकेलमध्ये धुतले, फडक्यानं पुसले आणि उभे करून ठेवले. तासभर तेच करत होते. सहा महिन्यांनी दुकान बंद झालं. ते घरीच मोटारसायकलींच्या नंबरप्लेटा रंगवू लागले. पुढं हात कापायला लागला, तेव्हा तेही सोडलं.

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये लागलो. तिथं मला घेतलं ते ब्रशमुळेच. सळयांच्या बंडलांवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकायचे. सळई भट्टीतून निघून वेळ झालेला असला तरी गरम असायची, आकडा पूर्ण व्हायच्या आत रंग वाळायचा. त्या कामावर मी जालन्यात खोली केली, माझं लग्न झालं, मुलगी झाली. उस्तादांकडे मी ईदला जायचो, बस्स. हळूहळू तेही वर्षाआड व्हायला लागलं.

अलीकडे जुन्या नोंदी शोधायचं काम सगळीकडे निघालं. जातीच्या दाखल्यासाठी लोक आज्या-पणज्याचं नाव शोधत कचेऱ्यांमध्ये येऊ लागले. शाळेत माझ्या बाकावर बसणारा एक जण अंबडच्या कचेरीत कारकून आहे. एका सकाळी त्याचा फोन आला.

"तू उर्दू शिकल्ता ना रे? इथं निजामाच्या टायमाची घरमोजणीची रजिस्टरं निघालीत. उर्दूचे दोन मास्तर येऊन गेले, कोणाला वाचता येऊन न्हाई राह्यलं."

मी सुट्टी टाकून गेलो. बांधणी सुटलेली, वाळवीनं कडा खाल्लेली रजिस्टरं होती. उघडली आणि पाहताच ओळखलं, हे पत्र्याच्या पेटीतलं अक्षर आहे. चार अक्षरं लागायची, पाचव्याला अडायचो. मी म्हणालो, "माझ्यानं व्हणार न्हाई. पण एक माणूस हाय."

उस्ताद सत्तरी ओलांडून गेले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. मला बघून खाटेवर उठून बसले.

"माझा हात गेला, बेटा," मी काही बोलायच्या आधीच म्हणाले. त्यांना वाटलं, मी बोर्डाचं काम घेऊन आलो.

"हात नको, उस्ताद. वाचायचंय."

मी सगळं सांगितलं. मग सुनेला हाक मारून म्हणाले, "माझा पांढरा कुर्ता इस्त्री कर."

मी त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून अंबडला न्यायचो. मिलमध्ये रात्रपाळी मागून घेतली आणि दिवस त्यांना दिला. पहिल्या दिवशी त्यांनी रजिस्टरावर नुसता तळहात ठेवला. मग भिंग धरलं आणि वाचायला लागले. ते मोठ्यानं वाचायचे, मी मराठीत उतरवून घ्यायचो, कारकून मित्र शेजारी बसून तपासायचा. घराचा नंबर, नाव, बापाचं नाव, जात, वय आणि शेवटचा रकाना, पेशा. म्हणजे धंदा, काम.

तो शेवटचा रकाना आम्हाला कोणी मागितला नव्हता. लोकांना बाकीचं हवं होतं. पण उस्ताद ओळ पूर्ण वाचल्याशिवाय पुढं जायचे नाहीत. सुतार, तेली, रंगारी, विणकर. मशकीनं पाणी वाहणारा पखाली. गावोगाव डाक पोहोचवणारा हरकारा. लग्नात मशाल धरणारा. गोदावरीकाठच्या एका लहानशा गावात एका घरापुढं लिहिलं होतं, गवय्या. उस्तादांनी भिंग खाली ठेवलं.

"या गावात गाण्यावर जगणारा माणूस व्हता," ते म्हणाले. मग कारकून मित्राला त्यांनी विचारलं, "आता कोण राहतं तिथं?"

एकदा चांगल्या कपड्यातला एक माणूस आला. त्याच्या पणज्याच्या नोंदीतला एक शब्द त्याच्या सोयीचा नव्हता. तो उस्तादांजवळ खुर्ची ओढून बसला.

"चाचा, इथं नुक्ता कुठं हाय? न्हाईच ना? मंग हे दुसऱ्या तऱ्हेनं बी वाचता येतंय."

"नुक्ता कागदावर न्हाई. लिहिणाऱ्याच्या मनात व्हता."

"एका शब्दानं तुमचं काय जातंय?"

उस्तादांचा आवाज चढला नाही. "माझा बाप याच कचेरीत मुन्शी व्हता. जे लिहिलंय तेच मी वाचणार. न्हाई पटलं तर दुसरा माणूस बघा."

तो माणूस उठून गेला. मला त्या दिवशी उस्तादांचा अभिमान वाटला.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी आमच्या गावाचं रजिस्टर आलं. मी उस्तादांना काही बोललो नाही, पण गावाचं नाव वाचल्यावर त्यांना कळलंच. वरच्या आळीची घरं झाली, मधली झाली. आमच्या वस्तीची घरं शेवटी होती. उस्ताद वाचता वाचता एका ओळीवर थांबले. भिंग तिथंच राहिलं. मग म्हणाले, "हे पान खराब हाय. पुढं जाऊ."

पान खराब नव्हतं. शाईसुद्धा ठळक होती.

मी त्यांच्या हातातून भिंग घेतलं. नाव लागलं. अण्णांच्या तोंडून ऐकलेलं, माझ्या पणजोबांचं नाव. जातीच्या रकान्यात आमची जुनी जात, धर्म बदलण्याआधीची. वय तीस. आणि शेवटच्या रकान्यात एक शब्द. मी तो अक्षर अक्षर लावला. बे, ये, गाफ, अलिफ, रे, ये.

"बेगारी," मी मोठ्यानं वाचलं.

खोलीत पाच-सहा माणसं होती. त्याच्या वरच्या ओळीतही तेच होतं, खालच्याही. आमच्या वस्तीतल्या जवळजवळ सगळ्या घरांपुढं तोच शब्द. बेगारी म्हणजे वेठीला धरलेला. मी पेन उचललं, तसा उस्तादांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हे कोणी मागितलेलं न्हाई. नको लिहू, बेटा."

"त्या दिवशी त्या माणसाला तुम्ही काय बोललात, उस्ताद?"

त्यांनी हात काढून घेतला. मी लिहिलं. सगळ्या ओळी लिहिल्या. मग बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं आणि बराच वेळ तिथंच उभा राहिलो. लाज वाटत नव्हती. राग म्हणावा तर तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. सुतार, तेली, गवय्या वाचताना वाटलं होतं, ही माणसं काहीतरी करत होती. आमच्या माणसांच्या नावापुढं फक्त एवढंच होतं की यांना कधीही बोलवा, हे फुकट येतील.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गावी गेलो. अण्णा अंगणात बाजेवर बसून चहा पीत होते. त्यांना आता ऐकू कमी येतं. मी जवळ बसून सांगितलं. ते चकित होतील असं मला वाटलं होतं.

"बराबर लिव्हलंय," ते म्हणाले. "अंमलदार आला का त्याचं सामान पुढच्या गावाला पोचवायचं. ऊन असो, पाऊस असो. माझा आजा जेवत असला तर भाकर तशीच टाकून उठायचा. मी बारका व्हतो तव्हा तो लई म्हातारा झाल्ता. राज्य गेलं, अंमलदार गेले, तरी रस्त्यावरून कोणी नुसती हाक मारली का उभा राह्यचा. मी म्हणायचो, आजा, बस, तुला न्हाई बोलवलं. तो म्हणायचा, पायाला कळत न्हाई रं."

अण्णांनी कपबशी खाली ठेवली.

"म्हणून मी म्हणत व्हतो, पोलीस हो. पोलिसाला कोणी हाक मारून जेवणावरून उठवत न्हाई."

इतकी वर्षं मला वाटत होतं, अण्णांना सरकारी नोकरी हवी होती, इतरांच्या वडलांना हवी असते तशी. मी विचारलं, "मंग मी पेंटर झालो, मिलमध्ये गेलो, ते तुम्हाला कधीच आवडलं न्हाई ना?"

त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी परत विचारलं.

"आवडलं न्हाई," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पण तुला कोणी धरून नेलं न्हाई. तू सोताच्या पायानं गेल्ता."

आईनं आतून भाकरी खाऊन जा म्हणून सांगितलं. आम्ही बाजेवरच जेवलो आणि अण्णांनी मला सावकाश खा म्हटलं.

अंबडचं काम आणखी दोन महिने चाललं. मग रजिस्टरं स्कॅन करायला गेली. शेवटच्या दिवशी बसस्टँडजवळ चहा घेताना उस्तादांनी मला एक गोष्ट सांगितली. तरुणपणी त्यांना परभणीकडच्या एका शाळेत उर्दूचे मास्तर म्हणून बोलावणं आलं होतं. आई आजारी होती, म्हणून गेले नाहीत. ब्रश हातात घेतला तो तात्पुरता.

"वाईट वाटतं का?" मी विचारलं.

"पहिले दहा साल वाटलं. मंग शिकायला शागीर्द येऊ लागले."

त्या हिवाळ्यात ते गेले. मला कळलं तेव्हा मी पाळीवर होतो, तसाच मिलच्या कपड्यात गेलो. कब्रस्तानात मी एका बाजूला उभा होतो, कुठं उभं राहायचं ते मला माहीत नव्हतं. त्यांच्या मुलानं मला पाहिलं, येऊन हाताला धरलं आणि पुढं नेलं. सगळे तीन-तीन मुठी माती देत होते. मीही दिली. माझ्या बोटांना पांढरा रंग लागलेला होता. मुलगा माझ्याकडं बोट करून शेजारच्या म्हाताऱ्याला हळूच म्हणाला, "अब्बांचे शागीर्द."